बरोबर फ्लिपच्या वेळीच माउंट बंद पडतो? आधी वायर मोजा

ताऱ्यांचे फोटो काढणाऱ्यांचं हे दुखणं आहे. माउंट म्हणजे दुर्बीण धरून तिला ताऱ्यामागे फिरवणारी मोटरची बैठक. लक्षण असं असतं. संध्याकाळी सगळं मांडलं, ध्रुवतारा साधला, दुर्बीण ठरलेल्या ताऱ्यावर वळवली, काही कुरकुर नाही. गायडिंगची, म्हणजे दुर्बीण ताऱ्यावरून किती ढळते ते दाखवणारी, रेघ सरळ. चार-पाच तास फोटो निघत राहतात. मग आपलं लक्ष्य याम्योत्तर वृत्त (माथ्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडतं, माउंट दुर्बीण दुसऱ्या बाजूला उलटवायला निघतो (हाच फ्लिप) आणि अर्ध्या वाटेत थांबतो. पडद्यावर ‘माउंट डिस्कनेक्टेड’. कधी माउंटचा लाल दिवा लुकलुकत असतो, कधी विझून परत लागतो. परत लागला की माउंटला वाटतं, आपण अजून होम पोझिशनलाच, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरच आहोत. पुढची रात्र गेली. घरी येऊन तेच सामान टेबलावर जोडलं, तर दहा वेळा फ्लिप करा, एकदाही अडत नाही.

हे दुखणं मी पूर्ण एक हिवाळा सोसलं. नंतर ओळखीच्या दोघा-तिघांच्या सामानातही तेच सापडलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मी सॉफ्टवेअरच्या नावाने बोटं मोडली. ड्रायव्हर बदलले, यूएसबी केबल बदलली, हब बदलला. प्रत्येक बदलानंतर घरी चाचणी, घरी सगळं उत्तम, आणि पुढच्या अमावास्येला तोरण्याच्या पायथ्याशी पुन्हा तेच. सुगावा लागला तो लॉगमधल्या वेळांवरून. मार्गशीर्ष अमावास्येला माउंट पडला होता रात्री साडेबाराच्या सुमारास, पौष अमावास्येला साडेदहाला. दोन्ही रात्री लक्ष्य एकच होतं, मृगातला तेजोमेघ एम ४२. तारे रोज सुमारे ३ मिनिटं ५६ सेकंद लवकर माथ्यावर येतात. एका अमावास्येपासून दुसरीपर्यंतच्या साडेएकोणतीस दिवसांत ते होतात १ तास ५६ मिनिटं. म्हणजे माझा बिघाड नाक्षत्र वेळ पाळत होता! थंडी नाक्षत्र वेळ पाळत नाही, दव पाळत नाही, बॅटरी पाळत नाही, संगणकाचे अपडेट तर कसलीच वेळ पाळत नाहीत. त्या मैदानात ताऱ्यांच्या घड्याळावर चालणारी घटना एकच होती, ती म्हणजे फ्लिप.

(साडेबाराचा आकडा विचित्र वाटला तर एवढंच लक्षात घ्या, की आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि पुणे ७४ अंशांच्याही किंचित अलीकडे आहे. डिसेंबरच्या मध्याला पुण्यातली खरी मध्यरात्र घड्याळात साडेबाराच्या आसपास होते, आणि एम ४२ त्याच सुमारास माथ्यावर असतो.)

तुमच्या लॉगमध्येही हे आधी पाहा. बिघाडाची वेळ एकाच लक्ष्यासाठी महिन्याला दोन तास अलीकडे सरकत असेल, तर सॉफ्टवेअर पुन्हा इन्स्टॉल करण्यात रात्र घालवू नका.

फ्लिपच्या वेळी असं काय होतं?

माउंट ताऱ्यामागे शांतपणे फिरत असतो तेव्हा तो पाऊण अँपिअरच्या आसपास घेतो. दोन्ही मोटर पूर्ण वेगाने फिरायला लागल्या की तोच तीन अँपिअरच्या घरात जातो. माझ्याकडे स्काय-वॉचरचा इक्यू६-आर माउंट आहे. त्याच्या पुस्तिकेत ११ ते १६ व्होल्ट आणि ४ अँपिअर असं स्वच्छ लिहिलेलं आहे. मी ‘१२ व्होल्टची बॅटरी आहे ना’ म्हणून ते पान कधी वाचलंच नव्हतं.

आता रात्रीचा हिशेब मांडू. कूल्ड कॅमेरा हिवाळ्यात स्थिरावल्यावर १.३ अँपिअर, दोन ड्यू हीटर (दुर्बिणीवर दव धरू नये म्हणून) मिळून १, छोटा संगणक १.२, माउंट ०.७. एकूण ४.२ अँपिअर. फ्लिप सुरू झाला की माउंट ३ वर जातो आणि बेरीज होते ६.५. संध्याकाळी पहिल्यांदा दुर्बीण वळवताना कॅमेऱ्याचं कूलिंग सुरू नसतं, दव पडायचं असतं म्हणून हीटर बंद असतात, त्यामुळे ३ अधिक १.२, पुन्हा ४.२ च. शिवाय बॅटरी ताजी. संध्याकाळी आणि घरच्या टेबलावर सगळं का चालतं, याचं उत्तर एवढंच आहे. सगळे एकदम जेवायला बसतात ते फक्त फ्लिपच्या वेळी.

आणि हे सगळे जेवत होते एकाच ताटातून. तीन मीटर लांबीची, एका टोकाला गाडीच्या लायटर सॉकेटचा प्लग असलेली, कुठल्यातरी सेटबरोबर फुकट आलेली केबल. कापून पाहिली तर आत ०.२ मि.मी. जाडीच्या सोळा तारा. म्हणजे अर्धा चौरस मिलिमीटर.

मोजायचं कसं

बॅटरीवर मीटर लावून ‘१२.२ आहे, ठीक आहे’ म्हणणं म्हणजे टाकीत पाणी पाहून तिसऱ्या मजल्यावरच्या नळाची खात्री देणं. माउंटला बॅटरी दिसतच नाही. त्याला दिसतं ते त्याच्या सॉकेटपर्यंत पोचलेलं व्होल्टेज. स्काय-वॉचरच्या या घराण्यातल्या माउंटवर तो लाल दिवा सावकाश लुकलुकला की व्होल्टेज कमी, भराभर लुकलुकला की फारच कमी. पुस्तिका त्याला ‘बॅटरी लो’ म्हणते, म्हणून लोक नवी बॅटरी आणतात. मीही आणली होती.

प्लग सॉकेटमध्ये असताना त्यावर मीटरची टोकं टेकवता येत नाहीत. त्यासाठी सीसीटीव्हीवाल्यांकडे मिळणारा एकाचे दोन करणारा स्प्लिटर घ्यायचा. एक टोक माउंटला, दुसरं मोकळं, त्यात मीटर. मीटरचं टोक घसरून मधली पिन आणि बाहेरची नळी एकमेकांना टेकली तर सरळ शॉर्ट होतो, त्यामुळे फ्यूज नसलेल्या बॅटरीवर हा उद्योग करू नका.

मग बॅटरी मुद्दाम निम्मी उतरवा. कूलिंग चालू, हीटर रात्री असतात तेवढे चालू, संगणक चालू, आणि दोन्ही अक्षांवर पूर्ण वेगाने दुर्बीण फिरवा. साधा मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, क्षणभराची घसरण त्याच्या नजरेतून सुटते. मीटरला किमान आकडा धरून ठेवणारं बटण असेल तर ते वापरा.

माझ्या गच्चीवरचे आकडे असे आले: बॅटरीच्या खांबांवर १२.१, माउंटपाशी १०.५. दीड व्होल्टहून जास्त वाटेतच गेलं. नुसतं ट्रॅकिंग चालू असताना माउंटपाशी ११.१ होतं, म्हणजे रात्रभर माउंट काठावर उभा होता आणि फ्लिपने त्याला ढकललं.

हे १.६ व्होल्ट गेले कुठे, ते तुकड्यातुकड्याने मोजता येतं. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लस खांबावर, दुसरं केबलच्या प्लस टोकावर. जे दिसेल ते त्या तुकड्याने खाल्लं. मग मायनसचं तसंच. लायटर प्लगच्या स्प्रिंगने पाव व्होल्ट खाल्लं होतं, बाकीचं तारेने.

तांब्याचा हिशेब पाठ करण्याइतका सोपा आहे. एक चौ.मि.मी. तारेचा एक मीटर म्हणजे साधारण १७ मिलिओहम. करंट जातो तेवढाच परतही येतो, म्हणून दुप्पट, साधारण ०.०३५. तेव्हा अँपिअर गुणिले केबलची लांबी मीटरमध्ये, गुणिले ०.०३५, भागिले चौ.मि.मी.: आलेला आकडा म्हणजे गमावलेले व्होल्ट. माझ्यासाठी ६.५ × ३ × ०.०३५ ÷ ०.५ = १.३७. मीटर खोटं बोलत नव्हता. तीच लांबी अडीच चौ.मि.मी.ने केली तर ०.२७. परतीची तार मोजायला विसरलात तर उत्तर निम्मं येतं आणि आपण खूश होतो. हा घोटाळा मी एकदा केलाय.

मी स्वतःसाठी मर्यादा ठरवली आहे: बॅटरीच्या खांबापासून माउंटच्या सॉकेटपर्यंत, सगळे जोड आणि फ्यूज धरून, फ्लिपच्या वेळी ०.४ व्होल्टपेक्षा जास्त जायला नको.

वायर आणताना

पुण्यात विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत ‘एडब्ल्यूजी’ (तारेच्या जाडीचं अमेरिकी माप) वगैरे म्हणालात तर दुकानदार तुमच्याकडे नुसता पाहील. तिथे वायर ‘दीडची’, ‘अडीचची’, ‘चारची’ असते.

“काका, अडीचची टू कोअर फ्लेक्झिबल, तीन मीटर.”

“कशाला लावताय? गीझरला?”

“दुर्बिणीला.”

“दुर्बिणीला अडीचची? साहेब, दुर्बीण आहे का गिरणी?”

त्यांचं म्हणणं घरच्या २३० व्होल्टच्या सवयीतून बरोबरच होतं. तिथे एक व्होल्ट गेला तर कुणाला कळत नाही. १२ व्होल्टमध्ये एक व्होल्ट म्हणजे बारावा हिस्सा, आणि आपल्याकडे सोडायला तेवढाही नसतो. वायर जळण्याचा प्रश्न इथे नंतर येतो, आधी व्होल्टेज संपतं. म्हणून ‘ही वायर किती अँपिअर झेलते’ हा तक्ता बघून केबल निवडली तर फसायला होतं. ०.७५ ची वायर ६ अँपिअर झेलेल, पण तीन मीटरमध्ये पाऊण व्होल्टहून जास्त गिळेल.

इंटरनेटवरून तयार केबल घेणाऱ्यांसाठी: १८ एडब्ल्यूजी म्हणजे सुमारे ०.८ चौ.मि.मी., १६ म्हणजे १.३, १४ म्हणजे २.१, १२ म्हणजे ३.३. आकडा लहान तेवढी तार जाड. सीसीटीव्हीच्या कामाला येणाऱ्या तयार पिगटेल (एका टोकाला प्लग असलेल्या छोट्या केबल) बहुधा २२ किंवा २४ च्या असतात. एका कॅमेऱ्याच्या अर्ध्या अँपिअरला त्या पुरतात, आपल्या माउंटला नाही. शिवाय वेष्टनावर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. टोक सोलून तारा मोजा. अडीचच्या चांगल्या फ्लेक्झिबलमध्ये पाव मिलिमीटरच्या पन्नास तारा असतात, दीडच्यात तीस. एक तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरी दिसली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. त्याचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, आणि वाकवून वाकवून ते तुटतंही लवकर.

पण खरं सांगायचं तर सगळ्यांत स्वस्त उपाय वायर बदलणं हा नाहीच. बॅटरी जवळ आणा. मी बॅटरी गाडीच्या डिकीपाशी ठेवत होतो, उगाच. ट्रायपॉडच्या पायांमध्ये एका प्लास्टिकच्या डब्यात ठेवली आणि तीन मीटरचं दीड मीटर झालं. नुकसान तिथेच निम्मं.

लडाखमधल्या हानलेला जायचा बेत असेल तर एक वेगळी गोष्ट. साध्या पीव्हीसीची वायर गोठणबिंदूच्या बऱ्याच खाली काठीसारखी ताठ होते, माउंट फिरताना प्लग ओढते आणि वाकवली तर आवरण तडकतं. तिथे ड्रोनवाले वापरतात ती सिलिकॉनची वायर घ्यावी. ती मऊ राहते, पण धारेला लागली की सहज कापली जाते, म्हणून वरून जाळीचं आवरण चढवावं. सह्याद्रीत याची गरज नाही.

जोड

लायटर प्लग काढून टाका. त्याचं मधलं टोक स्प्रिंगने दाबलेलं असतं आणि तीच स्प्रिंग प्लगला बाहेरही ढकलत असते. थोडा ढिला झाला की संपर्क कमी, तिथे उष्णता, उष्णतेने स्प्रिंग आणखी मऊ. वायरच्या टोकाला थिंबल (भोक असलेलं धातूचं टोक) दाबून ती थेट बॅटरीच्या खांबाला बोल्टने कसली, की माझं गेलेलं पाव व्होल्ट परत आलं. काढ-घाल करायची असेल तर अँडरसन पॉवरपोल किंवा एक्सटी६० जातीचे कनेक्टर लावा.

माउंट-कॅमेऱ्याच्या गोल प्लगमध्ये एक जुना सापळा आहे. बाहेरून दोन्ही ५.५ मि.मी. दिसतात, पण आतल्या पिनेचं छिद्र एकात २.१ असतं, दुसऱ्यात २.५. २.५ चा प्लग २.१ च्या सॉकेटमध्ये अगदी व्यवस्थित बसतो. फक्त आत लागत नाही, टेकतो. दुर्बीण एका बाजूला असताना चालतं, उलटली की केबलचा ताण बदलतो आणि संपर्क जातो. हाही बिघाड फ्लिपलाच होतो, म्हणून व्होल्टेजचा दोष समजून लोक वायर बदलत बसतात! ओळखायची खूण: माउंट थांबलेला असताना प्लग बोटाने हलवा. दिवा लुकलुकला तर हा तो.

स्क्रूच्या टर्मिनलमध्ये वायर घालताना टोकाला सोल्डर लावून घालू नका, जरी ते देखणं दिसलं तरी. सोल्डर दाबाखाली हळूहळू पसरतं आणि महिन्याभरात स्क्रू ढिला मिळतो. पिन-लग (टोकावर दाबायची धातूची टोपी) दाबून घाला.

यूएसबी तुटतं, पण वीज तर चालू आहे

याच दुखण्याचा हा दुसरा चेहरा. माउंट पडत नाही, पण तो जोरात फिरायला लागला की कॅमेरा किंवा गायड कॅमेरा गायब होतो. यूएसबी केबल बदलून काही होत नाही.

मायनसच्या तारेतही व्होल्ट गळतात, हे इथे कामाला येतं. माउंटची मायनस तार बारीक असेल तर फिरताना माउंटची जमीन (म्हणजे त्याची आतली मायनस बाजू) बॅटरीच्या मायनसपेक्षा अर्धा-पाऊण व्होल्ट वर उचलली जाते. माउंट, संगणक आणि कॅमेरा यूएसबीच्या मायनसने आणि कवचाने एकमेकांना जोडलेले आहेतच. करंटला सोपी वाट दिसली की तो तिकडूनही परत जातो. ज्या केबलने फक्त माहिती न्यायची, ती मोटरचा करंट वाहायला लागते आणि दुवा तुटतो. प्रत्येक उपकरणाची मायनस तार प्लसइतकीच जाड, सगळ्या मायनस एकाच ठिकाणी एकत्र, आणि ते ठिकाण दुर्बिणीजवळ, एवढं केलं की बहुतेक वेळा हे थांबतं.

यातूनच फ्यूजचा एक नियम निघतो: फ्यूज प्लसमध्येच लावायचा. मायनसमध्ये लावलेला फ्यूज उडाला तर उपकरण बंद पडत नाही, त्याचा सगळा करंट यूएसबीतून परत जायला लागतो. मग केबल, हब आणि संगणकाचा पोर्ट, तिघांची एकदम चिता.

फ्यूज कुणासाठी?

माउंट वाचावा म्हणून मी फ्यूज लावतो, असं बरेच जण म्हणतात. माउंटमधला चिमुकला भाग जळायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात फ्यूज गरमही होत नाही. फ्यूज वायरसाठी असतो. बॅटरी आणि वायर यांच्यामध्ये, बॅटरीच्या प्लस खांबापासून वीतभर अंतरात. दोन मीटर पुढे लावलात तर ते दोन मीटर उघडेच.

आकडा निवडताना तो नेहमीच्या करंटपेक्षा वर आणि वायरच्या ताकदीच्या खाली हवा. सतत वाहणारा करंट फ्यूजच्या आकड्याच्या तीन चतुर्थांशात राहिला की तो उगाच उडत नाही. गाड्यांत असतात ते पात्याचे फ्यूज घ्या. कुठल्याही तालुक्याच्या गावी गॅरेजच्या दुकानात मिळतात आणि साध्या टॉर्चच्या अंधुक उजेडातही रंगाने ओळखू येतात: ३ जांभळा, ५ फिका तपकिरी, ७.५ तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. लाल टॉर्चखाली मात्र सगळे सारखेच दिसतात, तेव्हा घरीच निवडून डबी भरा.

फ्यूज आकडा ओलांडला की लगेच उडतो, हाही गैरसमज. १० चा पात्याचा फ्यूज साडेतेरा अँपिअरला पाऊण सेकंदातही जाऊ शकतो आणि दहा मिनिटंही टिकू शकतो. दुपटीला पाच सेकंदांपर्यंत घेऊ शकतो.

हे पाच सेकंद किती महाग पडतात, ते मी एका शिबिरात पाहिलं. एकाचा ५ चा फ्यूज दोनदा उडाला. रात्रीचे दोन, जवळ दुसरा नाही, म्हणून त्याने गाडीतला हिरवा ३० चा काढून लावला. केबल तीच फुकटची, अर्ध्या चौ.मि.मी.ची. पुढे ती काउंटरवेटच्या दांड्याखाली चिमटली आणि शॉर्ट झाली. आता हिशेब बघा. तीन मीटरच्या त्या बारीक केबलचा जाऊन-येऊन रोध ०.२ ओहम. म्हणजे पूर्ण शॉर्ट झाला तरी ६० अँपिअरच वाहणार. ३० च्या फ्यूजला ते फक्त दुप्पट आहे, त्याला घाई नाही. तेवढ्या वेळात केबलच्या प्रत्येक मीटरमध्ये २४० वॉटची शेगडी पेटलेली असते. पीव्हीसी वितळून दोन्ही तारा चिकटल्या. धूर सगळ्यांना दिसला. तिथे ५ चा किंवा अगदी १० चाही असता तरी डोळ्याचं पातं लवायच्या आसपास गेला असता. लांब आणि बारीक वायरला मोठा फ्यूज म्हणजे फ्यूज नसल्यासारखंच.

आणि मुळात त्याचा ५ चा का उडत होता? करंट ४ च्या वर नव्हता. तो फ्यूज लायटर प्लगला लागूनच बसवलेला होता आणि ढिल्या संपर्काने तो प्लग हात लावता येणार नाही इतका तापत होता. फ्यूज उष्णतेनेच उडतो. ती करंटने आली की शेजारच्या कुजक्या जोडातून आली, त्याला फरक कळत नाही. वारंवार उडणारा फ्यूज हाताला गरम लागतो का, हे मोठा लावण्याआधी बघा.

प्लग लावताक्षणीच उडत असेल तर कारण वेगळं: उपकरणातले कपॅसिटर रिकामे असतात, ते पहिल्या क्षणी भसकन करंट ओढतात. काचेच्या फ्यूजवर एफ असं लिहिलेलं असेल तर तो झटपट उडणारा. त्याच आकड्याचा टी, म्हणजे सावकाश उडणारा, लावा.

आपोआप सावरणारे फ्यूज काही पॉवर बॉक्समध्ये आतच असतात. त्यांची खूण म्हणजे हीटर दहा मिनिटं बंद, मग आपला आपण चालू, पुन्हा बंद. आकडा साधारण खोलीच्या तापमानाचा असतो. एप्रिलच्या उकाड्यात बंद डब्यात तोच फ्यूज बराच आधी उघडतो, म्हणून डिसेंबरात चाललेली जोडणी उन्हाळ्यात रुसते.

लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी घेतलीत तर बराच काळ १३ च्या वर व्होल्टेज मिळतं आणि बारीक केबलचा दोष झाकला जातो. झाकला जातो, जात नाही. उलट ती शॉर्टमध्ये जुन्या बॅटरीपेक्षा सहज जास्त करंट ओतू शकते, त्यामुळे ‘आत बीएमएस (बॅटरीला जपणारं सर्किट) आहे’ म्हणून फ्यूज वगळू नका. तीन सेलचे लिथियम-आयन पॅक ‘१२ व्होल्ट’ म्हणून विकतात, ते भरलेले १२.६ आणि निम्मे ११.१ असतात. माउंटला ते थेट लावायचे नाहीत.

स्टेप-अप लावून बघू का?

हा सल्ला मला सर्वांत जास्त वेळा मिळाला. ट्रायपॉडपाशी १३.८ व्होल्टचा स्टेप-अप (व्होल्टेज वाढवून देणारं सर्किट) लाव, की झालं. बारीक केबलच्या शेवटी तो लावला तर काय होतं? बाहेर १३.८ वर ६.५ अँपिअर द्यायचे म्हणजे ९० वॉट, स्वतःचं नुकसान धरून १०० वॉट त्याला आत हवेत. व्होल्टेज घसरलं की तो करंट वाढवतो, करंट वाढला की केबलमध्ये आणखी व्होल्टेज घसरतं, मग तो आणखी ओढतो. माझ्या जुन्या केबलवर ढोबळ हिशेब केला तर साडेसहाऐवजी दहाच्या वर अँपिअर आणि त्याच्या तोंडाशी साडेनऊ व्होल्ट. माउंट चालेल, वायर शेकेल. स्टेप-अप वापरायचाच तर जाड वायरीनंतर, किंवा बॅटरीलगत.

शेवटी काय बसवलं

बॅटरीवर थिंबल, वीतभरावर १५ चा निळा, तिथून अडीचची दीड मीटर वायर ट्रायपॉडवरच्या सहा घरांच्या फ्यूज डब्यापर्यंत. पुढे एक चौ.मि.मी.च्या मीटरभर फांद्या: माउंटला ५, कॅमेऱ्याला ५, संगणकाला ३, हीटरला ३. माउंटला आधी ३ चा लावला होता, पण फ्लिपला तो बरोबर काठावर येत होता. डब्यात प्रत्येक रंगाचे दोन जादा फ्यूज, ३० चा एकही नाही.

माघ अमावास्येला एम ४२ चा फ्लिप रात्री साडेआठलाच होता, बॅटरी ताजी, त्यामुळे त्यावरून काही सिद्ध होत नव्हतं. म्हणून सिंह राशीतल्या तीन दीर्घिकांवर गेलो आणि सव्वादोनला मीटर घेऊन बसलो. बॅटरी तोवर बरीच उतरली होती, इतकी उतरवणं तिच्या तब्येतीला बरं नाही. खांबांवर ११.९, माउंटपाशी ११.५. दुर्बीण उलटली, थांबली, तारा सापडला, पुढचा फोटो सुरू झाला.

जुनी केबल टाकलेली नाही. ३ चा फ्यूज लावून ती गायड स्कोपच्या (गायडिंगच्या छोट्या दुर्बिणीच्या) हीटरला दिली आहे. तो ०.३ अँपिअर घेतो, तेवढं तिला झेपतं.